तिसरे गेट : टिळकवाडीचे दोन रस्ते आणि मीटरगेजचा रूळ

बेळगाव स्टेशनातून लोंढ्याकडे सुटलेली गाडी शहर सोडण्याआधी टिळकवाडीला लागून जाते. रुळाच्या एका अंगाला काँग्रेस रोड, दुसऱ्या अंगाला खानापूर रोड. दोन्ही रस्ते बराच वेळ रुळाच्या सोबतीने चालतात. त्यांना जोडणाऱ्या वाटा जिथे रूळ ओलांडतात, तिथे पहिले आणि दुसरे गेट आहे. तिसऱ्या गेटावर खुद्द खानापूर रोडच रूळ ओलांडून उद्यमबागेकडे जातो. पुढे अनगोळचे चौथे गेट.

या प्रकरणात मी तिसरे गेट घेतले आहे. २०२२ मध्ये तिथे उड्डाणपूल सुरू झाला आणि गोव्याकडे जाणाऱ्या वाहतुकीची अनेक वर्षांची कोंडी फुटली. पूल हवाच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मला तपासायचे आहे ते वेगळेच. रेल्वे मीटरगेज होती तेव्हा या उपनगराने रुळाशी जो व्यवहार जमवला होता, तो कसा मोडला? मोडल्यावर आपण कोणाची सोय मोजली आणि कोणाची मोजलीच नाही? पहिल्या आणि दुसऱ्या गेटाबद्दलचा कोणताही निर्णय याच उत्तरावर उभा राहायला हवा, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

रूळ आधी, वस्ती नंतर

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनच्या या पट्ट्यात माणसे अन्नाविना मेली. धान्य इतरत्र होते, पण ते वेळेत इथे पोचवायचे साधन नव्हते. त्या अनुभवातून दक्षिण मराठा मुलखात रेल्वे टाकायचे ठरले आणि १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. पैसा बेताचा आणि मुलूख मोठा, म्हणून गेज निवडले मीटरचे. दोन रुळांमध्ये १००० मिलिमीटर अंतर. ब्रॉडगेजला हेच अंतर १६७६ मिलिमीटर असते. अरुंद रुळाला भराव कमी लागतो, पूल हलके चालतात, वळणे आवळून घेता येतात. १८८० च्या दशकातच बेळगावला गाडी आली. १८८८ मध्ये कॅसलरॉकजवळ हा मार्ग पोर्तुगीज हद्दीतल्या मुरगावच्या लोहमार्गाला जोडला गेला.

त्याआधी बेळगावचे बंदर होते वेंगुर्ले. बैलगाड्यांचे तांडे आंबोलीच्या वाटेने घाट उतरून माल समुद्राला लावत. रेल्वे मुरगावला पोचली आणि वेंगुर्ल्याची ती भरभराट ओसरली. एका रुळाने एक बंदर वर काढले आणि दुसरे बसवले. बेळगावच्या व्यापाराचा इतिहास सांगताना हे अनेकदा राहून जाते, पण घाटाखालच्या सावंतवाडी-वेंगुर्ल्याशी आपले सोयरसंबंध, बोली आणि बाजार का जुळलेले आहेत, हे त्या जुन्या बैलगाडीच्या वाटेवरूनच कळते.

स्टेशन आले ते कॅम्पच्या सोयीने. लष्कराची छावणी एका बाजूला, जुनी पेठ आणि किल्ला दुसरीकडे, आणि शहापूर तर वेगळ्याच राज्यात. ते १९४८ पर्यंत सांगली संस्थानचे होते. पटवर्धनांच्या शहापुरातून इंग्रजांच्या बेळगावात येताना माणूस राज्याची हद्द ओलांडायचा. रूळ या सगळ्यांच्या मधून गेला. स्टेशनाच्या दक्षिणेला तेव्हा वस्ती अशी नव्हतीच. अनगोळ, मजगाव, वडगाव ही गावे, त्यांची भातशेती आणि ठळकवाडी. सपाट जमिनीवरून रूळ सपाटच गेला. वाटा जिथे आडव्या आल्या तिथे गेट ठेवले. गाड्या मोजक्या, पलीकडे जाणारे शेतकरी मोजके. शंभर वर्षे पुरेल असा तो बंदोबस्त होता आणि जवळजवळ तेवढा तो पुरलाही.

१९२४

लोकमान्यांनी १९१६ मध्ये होमरूल लीगची स्थापना बेळगावात केली. टिळकवाडी हे नाव त्यांचेच. जुन्या गावाचे नाव ठळकवाडी हायस्कूलच्या पाटीवर अजून आहे. पण या भागाला शहराच्या नकाशावर आणले ते १९२४ च्या डिसेंबरात भरलेल्या काँग्रेसच्या ३९ व्या अधिवेशनाने. २६ आणि २७ डिसेंबरला महात्मा गांधी इथे अध्यक्ष होते. काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी आयुष्यात एकदाच घेतले, ते इथे. गंगाधरराव देशपांडे यांनी सारे उभे केले. छावणीला विजयनगर नाव दिले आणि पाण्यासाठी विहीर खोदली, पंपासरोवर. आज ती काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. तिच्याजवळ अधिवेशनाचे स्मारक, वीरसौध, आहे आणि त्या रस्त्याला काँग्रेस रोड हे नाव आहे.

देशभरातले प्रतिनिधी मीटरगेजच्या डब्यांतून बेळगावला उतरले. रुळाशेजारची मोकळी जमीन नसती तर एवढा मेळावा शहराच्या कोणत्या भागात मावला असता, हे मला सुचत नाही. काँग्रेस रोडच्या इतिहासात रेल्वेचा वाटा असा सुरुवातीपासून आहे. २०२४ च्या डिसेंबरात शताब्दी झाली तेव्हा सगळ्यांनी विहीर पाहिली, वीरसौध पाहिला, पण त्या माणसांना इथे आणणारा रूळ कुणाच्या भाषणात आला नाही.

पुढच्या दशकांत इथे आखीव वस्ती झाली. सोमवार पेठ, मंगळवार पेठ, बुधवार पेठ, गुरुवार पेठ, शुक्रवार पेठ. जुन्या शहरातल्या बोळांपेक्षा रस्ते सरळ, घरांना अंगण, अंगणात आंबा-फणस. आरपीडी आणि जीएसएस ही महाविद्यालये आली. नंतर उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉप वाढले. १९७९ मध्ये गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाली. घरे रुळाच्या अलीकडे आणि पोटाची सोय पलीकडे, अशी विभागणी नकळत होत गेली. सकाळी सायकलींची रांग एका दिशेने आणि संध्याकाळी दुसऱ्या दिशेने गेट ओलांडू लागली.

मीटरगेजचा करार

या काळात गेटाचा त्रास नव्हता असे नाही. ‘गेट पडलंय’ हे उशिरा येण्याचे कारण शाळेत, कचेरीत, कारखान्यात सगळीकडे चालायचे, कारण ते खरे असायचे. पण त्रासाला एक मर्यादा होती आणि ती तांत्रिक होती.

एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्या फक्त स्टेशनात एकमेकींना वाट देऊ शकतात. बेळगाव आणि देसूर यांच्यामध्ये एका वेळी एकच गाडी. ती गेली की पुढची येईपर्यंत गेट उघडे राहणार याची खात्री. शिवाय मीटरगेजवर किती गाड्या धावणार हे मिरजेत ठरत होते. पुणे ते मिरज ब्रॉडगेज १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला झाले. त्यानंतर मुंबईहून येणारा बेळगावकर ब्रॉडगेजच्या गाडीतून मिरजेला उतरायचा आणि बोचकी, पोरे, पाण्याचा तांब्या सांभाळत मीटरगेजच्या गाडीकडे धावायचा. मालाचेही तेच. पोती एका वाघिणीतून उतरवून हमाल दुसरीत चढवत. कुर्डुवाडीकडून येणारी बार्शी लाइटची ७६२ मिलिमीटरची नॅरोगेजही तिथेच येत असल्याने मिरज हे तीन गेजांचे जंक्शन होते. या बदलीत वेळ जायचा, माल फुटायचा, खर्च वाढायचा. बेळगावच्या उद्योगाला त्याची झळ बसली. पण त्याच अडचणीमुळे टिळकवाडीवरून जाणाऱ्या गाड्यांची संख्या आटोक्यात राहिली. वायपी आणि वायजी वर्गाची वाफेची इंजिने, नंतर वायडीएम-४ डिझेल, आणि मागे आखूड, हलके डबे. गाडी गेटावरून सरकन निघून जायची.

म्हणून मी याला करार म्हणतो. लेखी कुठेच नव्हता, पण उपनगराने आपले दिवसाचे वेळापत्रक त्यावर बसवले होते. दूधवाल्याला, शिकवणीच्या मुलाला, पहिल्या पाळीच्या कामगाराला कोणती गाडी कधी येते हे तोंडपाठ असायचे.

रूळ बदलला, वाट तीच

१९९० च्या दशकात मिरज-लोंढा मार्ग ब्रॉडगेज झाला. मिरजेची बदली संपली. मुंबई आणि दिल्लीला थेट गाड्या मिळाल्या. हा बदल बेळगावच्या भल्याचाच होता. २००३ मध्ये हुबळीला मुख्यालय असलेली दक्षिण पश्चिम रेल्वे झाली. १९०८ ची मद्रास अँड सदर्न मराठा, १९५१ ची दक्षिण रेल्वे, १९६६ ची दक्षिण मध्य आणि ही चौथी. रुळावरच्या पाट्या बदलत गेल्या. १९५६ मध्ये राज्यही बदलले आणि त्या बदलाचे दुःख सीमाभागातला मराठी माणूस अजून वागवतो आहे. गेटे मात्र त्याच जागी राहिली.

ब्रॉडगेजने दोन गोष्टी वाढवल्या, गाडीची लांबी आणि गाड्यांची संख्या. लांब मालगाडी वेगाने गेली तरी गेटाचा वेळ खाते, स्टेशनात शिरताना सावकाश गेली तर विचारूच नये. गेट बंद झाल्याची खात्री पटल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. त्यामुळे गाडी दिसायच्या बऱ्याच आधी गेट पडते. हा नियम माणसांचे जीव वाचवण्यासाठी आहे, त्याला दोष देता येणार नाही.

मग दुहेरीकरण आले. लोंढा-बेळगाव-घटप्रभा या टप्प्याचे लोकार्पण २७ फेब्रुवारी २०२३ ला नव्या स्टेशन इमारतीसोबत झाले. दुहेरी मार्गाने गाड्यांची रखडपट्टी कमी होते, हे खरे. गेटावर उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला मात्र त्याचा दुसरा परिणाम येतो. एका रुळावरची गाडी गेली तरी दुसऱ्या रुळावरची जवळ आली असेल तर गेट वर जात नाही. एकेरी मार्गाने दिलेली ती जुनी खात्री इथे संपली. पुणे-हुबळी वंदे भारत २०२४ मध्ये आणि बेंगळूर-बेळगाव वंदे भारत २०२५ मध्ये सुरू झाली. गाड्या यापुढे वाढणारच आणि वाढाव्यातही.

तिसऱ्या गेटाचाच पूल का आधी

खानापूर रोड हा टिळकवाडीचा मुख्य रस्ता आणि त्याच वेळी पणजीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग. जुना ४अ, आताचा ७४८. बेळगावची भाजी आणि दूध गोव्याला जाते ते याच वाटेने. त्यात उद्यमबागेचे ट्रक, खानापूर तालुक्याच्या एसटी, महाविद्यालयांची दुचाकी वाहने. पहिल्या आणि दुसऱ्या गेटावर स्थानिक वाहतूक, तिसऱ्यावर स्थानिक आणि लांब पल्ल्याची दोन्ही.

उड्डाणपुलाचा निर्णय टीव्हीयू या आकड्यावर ठरतो. दिवसातल्या गाड्या गुणिले दिवसातली वाहने. हा गुणाकार एक लाखाच्या वर गेला की रेल्वे आणि राज्य सरकार यांनी निम्मा-निम्मा खर्च वाटून पूल बांधण्यास ते गेट पात्र ठरते. दिवसाला ५० गाड्या असतील तर २,००० वाहनांतच लाख पुरा होतो. तिसऱ्या गेटासारख्या महामार्गावर हा आकडा अडचण ठरू शकतच नाही.

पण हे एकक पाहा. मोटार म्हणजे एक, बैलगाडी एक, रिक्षा अर्धी. पायी चालणाऱ्याला या हिशोबात किंमत नाही. डबा घेऊन पाळीला निघालेला कामगार, शाळेची मुले, काठी टेकत दवाखान्यात चाललेल्या आजी, यांच्या हजार फेऱ्या झाल्या तरी गुणाकार जागचा हलत नाही. मला या साऱ्या प्रकरणातला कळीचा मुद्दा हाच वाटतो. पूल बांधणाऱ्यांनी कुणावर अन्याय करायचे ठरवले नव्हते. ज्या मापाने मोजणी झाली त्या मापातच पायी माणूस नव्हता.

पुढचे सगळे भूमितीने ठरते. विजेच्या तारांखालून गाडी जायची तर रुळापासून पुलाच्या तळापर्यंत साडेसहा मीटरच्या आसपास मोकळी उंची लागते. पुलाची स्वतःची जाडी धरली की रस्ता सुमारे आठ मीटर वर न्यावा लागतो. अवजड वाहनांसाठी तीस मीटरला एक मीटर हा साधारण चढ धरला तर एका बाजूचा उतार २४० मीटरचा होतो. दोन्ही बाजू आणि मधला भाग मिळून अर्धा किलोमीटर. ट्रकला हे अंतर काहीच नाही. पण ज्याला रुळाच्या अलीकडून पलीकडे वीस-पंचवीस पावले जायचे होते, त्याच्यासमोर आता अर्ध्या किलोमीटरचा चढ-उतार आहे. पूल झाला की खालचे गेट बंद करणे ही खर्चाच्या वाटणीतलीच अट असते. त्यामुळे जुनी वाट तोडगा म्हणूनही उरत नाही. मग माणसे काय करतात? रूळ ओलांडतात. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हा आहे. दुहेरी मार्गावर, वेगवान आणि आवाज न करता येणाऱ्या विजेच्या गाडीसमोर तो जिवावरचा खेळही आहे. ज्याला रोज दोनदा जायचे आहे त्याला कायदा सांगून वाट मिळत नाही.

दुकानांची गोष्टही यातच येते. गेट पडले की थांबलेली माणसे चहा घ्यायची, पेपर उचलायची, भाजी बघायची. गेटाजवळच्या टपऱ्या त्या थांबण्यावर जगल्या. पुलाच्या उताराशेजारचा रस्ता अरुंद होतो, वरून वाहने निघून जातात, खाली गिऱ्हाईक उरत नाही. या नुकसानीला भूसंपादनाच्या कागदावर रकाना नसतो, कारण जमीन कुणाची गेलेलीच नसते. शहरात आधी झालेल्या पुलांजवळ, कपिलेश्वर मंदिराजवळ आणि गोगटे सर्कलला, हे पाहायची संधी आपल्याला होती. गोगटे सर्कलचा इंग्रजी अमदानीतला पूल पाडून तिथे २०१० च्या दशकात नवा बांधला. तिथे आधीही पूलच होता, म्हणून तिथला पादचारी सरावलेला. कपिलेश्वरला तसे नव्हते. शहापूर आणि शहर यांच्यामधली ती नेहमीची पायवाट. श्रावणी सोमवारी देवळाला जाणारी गर्दी आठवली तर मी काय म्हणतो ते कळेल.

पहिले आणि दुसरे गेट

आता उरलेल्या दोन गेटांकडे येतो. या दोन्ही ठिकाणी ट्रक हा प्रश्न नाही. काँग्रेस रोडवरून टिळकवाडीत आणि टिळकवाडीतून काँग्रेस रोडवर जाणारी दुचाकी, सायकल, रिक्षा, मोटार आणि पायी माणसे हा प्रश्न आहे. दोन्ही समांतर रस्ते रुळाच्या इतके जवळ आहेत की २४० मीटरचा उतार टाकायला सरळ जागाच मिळणार नाही. तो उतार पेठांतल्या घरांच्या दारांतून न्यावा लागेल. तिसऱ्या गेटाचा आराखडा इथे उचलून ठेवला तर टिळकवाडीच्या आखीव रस्त्यांची वाट लागेल, हे मी स्पष्टपणे म्हणतो.

इथे भुयारी वाट हवी. पायी, सायकल आणि दुचाकीपुरती अडीच मीटर उंची पुरते. वरचे छत आणि रुळाखालचा थर धरून खोली चार मीटरच्या आत राहते. वीस मीटरला एक मीटर उतार धरला तरी एका बाजूला ८० मीटरमध्ये काम होते, आणि पायी माणसासाठी बाजूने जिना दिला की त्याचे अंतर पूर्वीएवढेच राहते. गाड्या बंद न ठेवता, थोड्या वेळाचा ब्लॉक घेऊन काँक्रीटची चौकट रुळाखालून ढकलत नेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास वापरली जाते. मोटारींनी गोगटे सर्कल किंवा तिसऱ्या गेटाचा पूल धरावा. चार चाकांना दोन किलोमीटरचा वळसा परवडतो, दोन पायांना नाही.

अडचण एकच आणि ती खरी आहे, पाणी. बेळगावचा पावसाळा भुयारी वाटेला माफ करत नाही. खाली साचलेले पाणी पंपाने उपसू, असे आराखड्यात लिहिलेले असते आणि जुलैत पंप बंद असतो. म्हणून आधी जमिनीचा उतार मोजून पाणी आपोआप नाल्याला मिळते का ते पाहावे. मिळत नसेल तर तोंडावर छत, उंबऱ्याला चढ आणि दोन स्वतंत्र वीजजोडण्यांवरचे दोन पंप यांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा.

आणि या सगळ्याच्या आधी मोजणी. पहाटे सहापासून रात्री दहापर्यंत, कामाच्या दिवशी आणि रविवारी, शाळा चालू असताना. पायी माणसे वेगळी, सायकली वेगळ्या, वृद्ध आणि शाळकरी मुले वेगळी. टीव्हीयूच्या कोष्टकाशेजारी हे दुसरे कोष्टक ठेवायला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. आरपीडी, जीएसएस आणि गोगटे कॉलेजचे विद्यार्थी रोज ही गेटे ओलांडतात. त्यांच्याकडून हे काम एका सत्रात होईल. महापालिका, रेल्वे आणि राज्याचे बांधकाम खाते एका टेबलाभोवती बसतील तेव्हा मध्ये हा कागद असला पाहिजे.